ग्राफिक्स कार्ड गार ठेवायचंय? नवा कूलर सगळ्यात शेवटी : सांगलीच्या उन्हाळ्यासाठी पायरीपायरीनं

"दादा, ग्राफिक्स कार्डाला बाहेरचा कूलर बसवू काय?" होळी झाली की सांगलीत हा प्रश्न सुरू होतो. बाहेरचा म्हणजे कार्डासोबत आलेला सोडून वेगळा विकत घेतलेला. विचारणारा बहुतेक वेळा विश्रामबागेत खोली घेऊन राहणारा इंजिनिअरिंगचा पोरगा. वर तापलेला स्लॅब नाहीतर पत्रा, खोलीत एकच पंखा, आणि टेबलाच्या कप्प्यात कोंबलेला पीसीचा काचेचा कॅबिनेट. माझं उत्तर ठरलेलं आहे : बसव, पण सगळ्यात शेवटी. त्याआधीची कामं स्वस्त आहेत, काही तर फुकट आहेत, आणि बऱ्याच जणांचं तेवढ्यावरच भागतं.

आधी मोजा, आणि खोलीसकट मोजा

जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो, दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. एक उतरवून घ्या, सेन्सर्सचं पान उघडा आणि रोज खेळता तोच गेम अर्धा तास चालवा. फरमार्कसारखी कार्डाला पिळून काढणारी टेस्ट पहिल्याच दिवशी नको. रोजच्या वापरात कार्डावर तेवढा भार कधी येत नाही, त्यामुळे आकडा बघून उगाच घाबरायला होतं.

तीन आकडे लिहून ठेवा. पहिला जीपीयूचं, म्हणजे कार्डावरच्या मुख्य चिपचं, तापमान. एनव्हिडियाच्या गेल्या काही पिढ्यांतली बरीच कार्डं ८३-८४ अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करायला लागतात. दुसरा हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा. एएमडीच्या अलीकडच्या कार्डांत ही मर्यादा ११० अंशांपर्यंत असते, त्यामुळे ९५ दिसलं म्हणून लगेच हाय खायची गरज नाही. तिसरा मेमरीचा. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० वरची जीडीडीआर६एक्स मेमरी भलती तापते आणि ११० च्या घरात गेली की कार्ड मंदावतं. आरएक्स ५८० सारख्या जुन्या कार्डांत हॉटस्पॉट दिसतच नाही. तिथे पहिल्या आकड्यावर काम भागवायचं.

यातला खरा बोलका आकडा आहे तो पहिल्या दोघांतल्या फरकाचा. जीपीयू आणि हॉटस्पॉट यांत दहा-पंधरा अंशांचं अंतर असेल तर ठीक. ते पंचविसाच्या वर गेलं तर चिप आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली आहे किंवा कूलर एका बाजूला कलला आहे, असं समजा.

आता चौथा आकडा, जो कुणीच लिहून ठेवत नाही : खोलीचं तापमान. साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ ठेवा. डिसेंबरात खोली २४ आणि कार्ड ६६ असेल, तर फरक ४२. मे महिन्यात दुपारी तीच खोली ३८ वर गेली की तेच कार्ड ८० दाखवणार. कार्डाचं काहीही बिघडलेलं नाही, फरक अजून ४२ च आहे. हवेचा कोणताही कूलर, कितीही महागडा घ्या, हा फरक कमी करतो. खोलीच्या खाली तो कधीच जात नाही. पुण्याच्या एसी खोलीत कुणीतरी व्हिडिओ करून ५८ अंश दाखवतो आणि इथला पोरगा पत्र्याखाली बसून तोच कूलर मागवतो, तेव्हा गोंधळ होतो तो इथे. यापुढे प्रत्येक पायरीनंतर नुसतं तापमान नको, खोली आणि कार्ड यांतला हा फरक वहीत लिहा.

कॅबिनेटची बाजू उघडून बघा

ही परीक्षा फुकट आहे. बाजूची काच काढा, तोच गेम तेवढाच वेळ चालवा. फरक सात-आठ अंशांनी किंवा त्याहून जास्त उतरला, तर दोष कार्डाचा नाही, कॅबिनेटचा आहे. मग कार्डावर पैसे घालण्यात अर्थ नाही. पुढून हवा आत घेणारे दोन पंखे, मागून बाहेर टाकणारा एक, एवढं पुरतं. पुढचा भाग सबंध काचेचा असेल तर ती काच आणि पंख्यांमध्ये किती फट आहे ते बघा. दिव्यांचा झगमगाट असलेले कितीतरी कॅबिनेट इथेच मार खातात. टेबलाच्या बंद कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढणं हा तर उपायही नव्हे, ती किमान अट आहे.

धूळ हा सांगलीचा स्वतंत्र विषय. मार्केट यार्डाच्या बाजूला राहणाऱ्यांकडे हळदीची बारीक पूड हवेत असते, आणि ऊसतोडीच्या दिवसांत शेतात पाचट पेटवलं की काजळी उडत घरात येते. फिन्समध्ये, म्हणजे कूलरच्या पातळ पत्र्यांमध्ये, या दोन्हींचा चिकट थर बसतो, तो नुसत्या फुंकरीनं जात नाही. धूळ उडवायचा ब्लोअर वापरा, पण कार्डाचे पंखे बोटानं धरून ठेवा. हवेच्या झोतानं ते भलत्या वेगानं फिरतात आणि बेअरिंग खराब होतं.

आणखी एक. पाण्याचा एअर कूलर कॅबिनेटच्या तोंडावर लावायची आयडिया दरवर्षी कुणाला तरी सुचते. तापमान उतरतं हे खरं, पण दमट हवा आणि अधूनमधून पाण्याचे तुषार सरळ मदरबोर्डवर जातात. एअर कूलर माणसावर सोडा.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी सॉफ्टवेअर

तुमचा मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल आणि कार्ड १४० फ्रेम काढत असेल, तर जवळजवळ अर्धी मेहनत पाण्यात जाते आणि तिची उष्णता तुमच्या खोलीत राहते. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन फ्रेमची मर्यादा घाला. नुसत्या एवढ्यानं काही कार्डं एकदम शांत होतात.

मग एमएसआय आफ्टरबर्नर घ्या. कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. पॉवर लिमिट, म्हणजे कार्डानं किती वीज खायची ती मर्यादा, १०० वरून ८० टक्क्यांवर आणा. फ्रेम त्या मानानं फारच कमी घटतात. याहून चांगला मार्ग अंडरव्होल्टचा, म्हणजे त्याच वेगाला कमी व्होल्टेज देण्याचा. कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजचा आलेख उघडतो. आरटीएक्स ३०६० साठी सुरुवात म्हणून ९०० मिलिव्होल्टचा ठिपका १८०० मेगाहर्ट्झवर ठेवा, त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके त्याच पातळीला सपाट करा, लागू करा आणि गेम चालवा. गेम मध्येच बंद पडला तर व्होल्टेज २५ नं वाढवा. प्रत्येक चिपचा स्वभाव वेगळा, मित्राचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. एएमडीवाल्यांना ही सोय कंपनीच्या एड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्येच मिळते.

इथवर खिशातून फार काही गेलेलं नाही. फरक पुरेसा उतरला असेल तर पुढचं वाचायची गरजही नाही.

कार्ड उघडणं : पेस्ट आणि पॅड

वॉरंटीत असलेलं कार्ड उघडू नका. एखाद्या स्क्रूवर स्टिकर असतो, तो फाटला की वॉरंटीच्या वेळी वाद होतो. आधी विक्रेत्याला ईमेल करून लेखी विचारा. सेकंडहँड कार्ड असेल तर मात्र ही पायरी जवळजवळ सक्तीची समजा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं राबवून नाणी कमावणं) थांबलं आणि महिनोन् महिने दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. त्यांतली बरीच अजून हात बदलत फिरताहेत, आणि आतली पेस्ट खडूसारखी झालेली असते.

सामान असं : मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे असतो तसा बारीक स्क्रू ड्रायव्हरचा सेट, आयसोप्रोपिल अल्कोहोल (तिथेच 'आयपीए' म्हणून मागा), मऊ कापड, इअरबड, पेस्ट आणि पॅड (मेमरी आणि कूलर यांच्यामधल्या उष्णता नेणाऱ्या मऊ चकत्या). मेडिकलमधलं सॅनिटायझर चालणार नाही. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. गावात पेस्ट मिळाली नाही तर ऑनलाइन मागवा, नाहीतर पुण्याला जाणाऱ्या कुणाला तपकीर गल्लीतून आणायला सांगा.

कार्ड काढण्याआधी दहा मिनिटं गेम चालवा. गरम पेस्ट मऊ असते, थंड पेस्ट कूलरला गच्च धरून ठेवते. मग पीसी बंद, वायर भिंतीतून काढलेली, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलेलं. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज उतरेल. एप्रिलच्या कोरड्या हवेत आणि टेरिकॉटच्या शर्टात ती बरीच साठते.

कार्ड पंखे खाली, पाठ वर असं पुठ्ठ्यावर ठेवा. कागदावर कार्डाची आकृती काढा आणि प्रत्येक स्क्रू जिथून निघाला तिथे चिकटपट्टीनं डकवा. सगळे सारख्या लांबीचे नसतात. चिपच्या मागचे चार स्प्रिंगवाले स्क्रू समोरासमोरच्या जोडीनं, अर्धा-अर्धा फेरा असे सैल करा. एकच पूर्ण काढला तर सगळा दाब चिपच्या एका कोपऱ्यावर येतो, आणि उघड्या चिपचा कोपरा उडाला तर ते कार्ड गेलं. सगळे स्क्रू निघाल्यावर कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. सुटत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका. कार्ड पुन्हा जोडून गरम करा.

सुटल्यावर दोन बोटं वर उचला आणि थांबा. पंख्यांच्या आणि दिव्यांच्या वायरी अजून बोर्डाला जोडलेल्या आहेत. त्या प्लगला धरून काढायच्या, वायरीला ओढून नाही.

आत मधोमध आरशासारखी चकचकीत चिप आणि तिच्याभोवती मेमरीच्या काळ्या चकत्यांवर करडे किंवा निळसर पॅड दिसतील. लगेच फोटो काढा. बोर्डावर तेलकट ओल दिसली तर घाबरू नका. कपॅसिटर फुटलेला नाही. जुन्या पॅडमधून सिलिकॉनचं तेल झिरपतं, तेच ते. आयपीएनं पुसून काढा.

पॅड शाबूत आणि मऊ असतील तर हात लावू नका. फाटले किंवा भुगा झाले असतील तरच बदला, आणि जाडीबद्दल अजिबात अंदाजपंचे नको. ०.५, १, १.५, २ मिलिमीटर अशा जाड्या मिळतात आणि एकाच कार्डावर दोन-तीन वेगवेगळ्या असू शकतात. जुना पॅड मधे दबलेला असतो, म्हणून व्हर्नियर कॅलिपर लावायचा तो न दबलेल्या कडेला. अर्धा मिलिमीटर जाड पॅड बसला तर कूलर मेमरीवर टेकतो आणि मुख्य चिपपासून अधांतरी राहतो. मग नवी पेस्ट, नवे पॅड आणि तापमान आधीपेक्षा जास्त, असा उलटा प्रकार होतो. जाडीचा भरवसा नसेल तर थर्मल पुटी, म्हणजे पॅडऐवजी लावायचा मऊ लगदा, वापरा. ती दाबाखाली स्वतःच हवी तेवढी पसरते.

चिप आणि कूलरचा तळ दोन्ही लखलखीत होईपर्यंत पुसा. चिपच्या भोवती मुंगीएवढे भाग असतात, तिथे इअरबड हलक्या हातानं फिरवा. पेस्टच्या बाबतीत प्रोसेसरवरची सवय इथे सोडून द्यायची. प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, मटाराएवढा थेंब चालून जातो. इथे चिप उघडी आहे, तिचा कोपरान् कोपरा झाकला गेला पाहिजे. पातळ, सलग थर पसरून द्या. थोडी जास्त झाली तर बाहेर येईल, बिघडत नाही. कमी पडली तर हॉटस्पॉट वर जाणार. आर्क्टिक एमएक्स-६, नॉक्टुआ एनटी-एच२, थर्मल ग्रिझलीची क्रायोनॉट, ही सगळी ठीक आहेत. पण उघड्या चिपवर पातळ पेस्ट गरम-गार होता होता हळूहळू कडेला ढकलली जाते, म्हणून मी घट्ट पेस्टेच्या बाजूचा. त्याहून बरी वाटते ती हनीवेलची पीटीएम७९५० ही पातळ पट्टी. साधारण ४५ अंशांना ती मऊ होऊन जागच्या जागी बसते आणि पुढे वर्षानुवर्षं हलत नाही. लावण्याआधी दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे वरची फिल्म न फाटता निघते. नकली माल भरपूर आहे, खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या.

लिक्विड मेटलच्या वाटेला नवख्यानं जाऊ नये. त्यातून वीज वाहते, आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं.

जोडताना वायरी आधी. मग तेच चार स्क्रू, पुन्हा समोरासमोर, पाव-पाव फेऱ्यानं, ते स्वतः अडेपर्यंत. त्यापुढे जोर लावायचा नाही.

पंखे बदलायचे असतील तर

हीटसिंक (पंख्यांखालचा धातूचा पत्र्यांचा ठोकळा) चांगला पण मूळचे पंखे खडखडताहेत किंवा ठार बंद आहेत, अशा कार्डाला हा सगळ्यात फायद्याचा बदल. प्लास्टिकचं आवरण पंख्यांसकट काढायचं आणि हीटसिंकवर १२० मिलिमीटरचे दोन साधे कॅबिनेटचे पंखे केबल टायनं बांधायचे. दिसायला ओबडधोबड, पण मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढीच हवा देतो, त्यामुळे आवाज एकदम उतरतो. आर्क्टिक पी१२ किंवा परवडत असेल तर नॉक्टुआ एनएफ-ए१२एक्स२५. पंख्याच्या चौकटीवर बाण असतो, तो हीटसिंककडे हवा.

घेण्याआधी पट्टीनं जागा मोजा. हे पंखे २५ मिलिमीटर जाड असतात, म्हणजे मदरबोर्डवर दोन स्लॉटची जागा घेणारं कार्ड सहज साडेतीन स्लॉटचं होतं. खाली पॉवर सप्लायचं आवरण टेकत असेल तर १५ मिलिमीटरचे पातळ पंखे घ्या.

वायर दोन ठिकाणी जोडता येते. कार्डावरचा चार पिनांचा प्लग लहान असतो, त्यासाठी ॲडॉप्टर केबल लागते, आणि त्यावर दोनपेक्षा जास्त पंख्यांचा भार टाकू नये. नाहीतर सरळ मदरबोर्डला जोडा आणि फॅनकंट्रोल हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. मदरबोर्डला स्वतःहून प्रोसेसरचंच तापमान कळतं, ग्राफिक्स कार्डाचं नाही. हे सॉफ्टवेअर ती गाठ घालून देतं. पण ते विंडोज सुरू झाल्यावर जागं होतं, म्हणून बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, या पंख्यांचा किमान वेग ४० टक्के ठेवा.

आता खरा बाहेरचा कूलर

इथवर आलात म्हणजे तुमच्याकडे बहुधा मूळचा हीटसिंकच फालतू असलेलं किंवा एकाच ब्लोअर पंख्याचं जुनं कार्ड आहे. यासाठीची नावाजलेली नावं म्हणजे आर्क्टिकची ॲक्सेलेरो मालिका आणि रायजिनटेकचा मॉर्फियस २. मॉर्फियसमध्ये बारा हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) आहेत, कंपनी ३६० वॉटपर्यंतचा दावा करते, पंखे मात्र वेगळे घ्यावे लागतात. या कूलरांच्या यादीत मुख्यतः जीटीएक्स १०८० आणि आरएक्स ५८० च्या काळातली कार्डं भेटतात. नंतरची कार्डं कारखान्यातूनच तीन-तीन पंख्यांचे धिप्पाड कूलर घेऊन येऊ लागली आणि हा बाजार आटला. आरटीएक्स ४०६० सारख्या ११५ वॉटच्या कार्डासाठी असला कूलर शोधत बसणं म्हणजे निव्वळ हौस.

पैसे देण्याआधी चिपभोवतीच्या चार भोकांमधलं अंतर मोजा, मध्यापासून मध्यापर्यंत. आरएक्स ५८० मध्ये ते साधारण ५३, जीटीएक्स १०८० मध्ये साधारण ५८ मिलिमीटर असतं. ते कूलरच्या यादीशी जुळलं पाहिजे. मग कॅबिनेटमधली लांबी, जाडी, आणि चिपच्या आसपास उंच कॉइल किंवा कपॅसिटर आडवे येतात का ते बघा.

सगळे विसरतात ती गोष्ट म्हणजे मेमरी आणि व्हीआरएम, म्हणजे चिपला वीज पुरवणारे भाग. मूळचा कूलर एकाच वेळी सगळ्यांना गार करत होता, नवा फक्त मधल्या चिपला धरतो. बाकीच्यांसाठी छोटे हीटसिंक चिकटवावे लागतात. जागा आयपीएनं पुसून, चिकटवून, मिनिटभर दाबून धरा. लक्षात घ्या, कॅबिनेटमध्ये कार्ड उलटं असतं, हे हीटसिंक खाली तोंड करून लटकतात. उन्हाळ्यात चिकटपट्टी सैल होऊन एखादा सुटला आणि खालच्या बोर्डावर पडला तर शॉर्ट होईल. म्हणून बसवल्यावर रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी प्रत्येकाला बोटानं हलवून बघा. काही संचांसोबत गोंद येतो. तो लावला की ते भाग पुन्हा निघत नाहीत, वॉरंटी आणि विक्री दोन्ही विसरायची.

वजनामुळे कार्ड वाकतं. खाली आधाराचा स्टँड लावा.

पाण्याच्या कूलिंगबद्दल थोडक्यात : सबंध बोर्ड झाकणारा वॉटर ब्लॉक (आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा) नेमक्या त्याच बोर्डासाठी बनलेला लागतो. अलीएक्सप्रेस नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात बंद झाल्यापासून तो मिळवणं आणखी कटकटीचं झालंय. प्रोसेसरचा तयार लिक्विड कूलर कार्डावर बसवायला एनझेडएक्सटी क्रॅकेन जी१२ सारखी ब्रॅकेट येत असे. मिळाली तर जुन्या कार्डावर छान चालते, तिच्यावरचा ९२ मिलिमीटरचा पंखा व्हीआरएमसाठी असतो. आणि गंमत अशी की पाणी उष्णता नुसती दुसरीकडे नेतं. ती रेडिएटरमधून त्याच खोलीत पडते. मेमधल्या दुपारी पत्र्याखाली त्याचा आनंद बेताचाच.

पहिल्यांदा सुरू करताना

बाजूची काच उघडी ठेवा आणि पंखे फिरताहेत हे डोळ्यांनी बघा. डिस्प्ले आला नाही तर आधी सहा किंवा आठ पिनांची पॉवर केबल आणि स्लॉटमध्ये कार्ड पूर्ण बसल्याचा 'टक' आवाज, हे दोन तपासा. बहुतेक वेळा कारण यातलंच एक असतं. डेस्कटॉपवर तापमान झपाट्यानं चढत असेल तर लगेच बंद करा, कूलर चिपला टेकलेला नाही. ठीक असेल तर पाच मिनिटं हलका गेम, मग अर्धा तास नेहमीचा. आता फरमार्क लावायला हरकत नाही, पण समोर बसून, दोन-तीन मिनिटंच.

वहीत खोलीचं तापमान, कार्डाचं, हॉटस्पॉटचं आणि त्यांचे फरक लिहा. आठवड्यानं पुन्हा मोजा. पीटीएमची पट्टी लावली असेल तर पहिल्या काही गरम-गार फेऱ्यांनंतर आकडा थोडा आणखी उतरतो. पेस्टेवर हॉटस्पॉटचं अंतर वाढत चाललं असेल तर स्क्रूंचा दाब सारखा नाही.

मूळचा कूलर, पंखे आणि ते कागदावर डकवलेले स्क्रू सगळं मूळ खोक्यात घालून माळ्यावर ठेवा. पुढे कार्ड विकायला काढलं की गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच मागतं.